इंटरनेटच्या रांगेत आधी नंबर कोणाचा?

जुलैमधला शनिवार. कर्जत तालुक्याच्या पूर्वेला, भीमाशंकरच्या डोंगराखाली असलेल्या एखाद्या वाडीजवळचे आरोग्य उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस कोसळतो आहे, भातलावणी जोरात आहे. लावणी अर्ध्यावर टाकून आलेली सात महिन्यांची गरोदर बाई बाकावर बसली आहे. पाय सुजलेले, सकाळपासून डोके ठणकते आहे. 'उद्या जाईन' म्हणत होती, पण आशाताईंनी ऐकले नाही. समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजते, खात्रीसाठी पुन्हा मोजते आणि टॅबवर ई-संजीवनीतून डॉक्टरांना जोडून घेते. चित्र येते, गोठते, पुन्हा येते. ती सांगते, 'सर, बीपी एकशेसाठ बाय एकशेदहा.' पलीकडे ऐकू जाते, 'बीपी एकशेसात बाय...' आणि पुढे खरखर.

१०७ हा वरचा रक्तदाब असेल तर काळजीचे कारण नाही. १६० असेल आणि खालचा ११० असेल तर तो गरोदरपणातला तीव्र उच्च रक्तदाब. डोकेदुखी आणि सूज सोबत असताना अशा बाईला कधीही झटके येऊ शकतात. आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. 'साठ' आणि 'सात' यांतला फरक एका व्यंजनाचा, आणि तो सांगणारा आवाज सेकंदाच्या काही शतांश भागांचा. तेवढाच भाग वाटेत हरवला.

हे चित्र कोणत्या एका केंद्राचे नाही. दूरस्थ वैद्यकीय सल्ला जिथे जिथे दिला जातो, तिथे ते केव्हाही दिसू शकते. गंमत म्हणजे टॅबच्या कोपऱ्यात रेंज फुल्ल असते. मग अडते कुठे?

पाकिटांचा प्रवास

फोनवरची रेंज फक्त एवढेच सांगते, की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत नीट पोहोचतो आहे. त्या टॉवरवर त्या क्षणी किती गर्दी आहे, हे ती सांगत नाही. एसटी स्टँडवर उभी दिसली म्हणजे तिच्यात जागा आहे असे होत नाही, तसेच हे.

इंटरनेटवर काहीही पाठवायचे, तर त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण दीड हजार बाइटपर्यंतचे. फोटो असो, पगारपत्रक असो, सिनेमा असो वा डॉक्टरांचा आवाज. सगळ्यांची पाकिटे होतात आणि एकाच वाटेने निघतात. प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र बसलेले असते. ते पाकिटावरचा पत्ता वाचते आणि पुढच्या नाक्याकडे ढकलते. पुढची वाट मोकळी नसेल तर पाकीट रांगेत थांबते. रांगेची जागाही भरली, तर नवे आलेले पाकीट टाकून दिले जाते. कोणी मुद्दाम टाकत नाही, जागाच नसते.

आवाजाची पाकिटे फार लहान असतात. इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. लागोपाठ तीन पाकिटे हरवली की ६० मिलिसेकंदांचा आवाज जातो. तेवढ्यात 'ठ'चा 'त' होऊ शकतो. यंत्र रिकामी जागा मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढते, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही तुटले आहे हेही कधीकधी कळत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने धोका इथे आहे. खरखर ऐकू आली तर माणूस पुन्हा विचारतो. गुळगुळीत पण चुकीचे ऐकू आले तर विचारत नाही.

आता त्याच शनिवारची दुसरी बाजू. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी मुंबई, ठाणे, पुण्याहून माणसे कर्जत-खालापूरच्या धबधब्यांकडे लोटतात. फार्महाऊस भरतात, भिवपुरीपासून खोपोलीपर्यंत गाड्यांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनमध्ये धबधब्याचा व्हिडिओ. तो आत्ताच पाठवायचा असतो. चांगल्या दर्जाचा एक व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास जागा घेतो. तेवढ्या जागेत साध्या आवाजाची साठेक संभाषणे बसतात. शिवाय टॉवरकडून फोनकडे येणारी वाट रुंद आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट अरुंद असते. पर्यटकांचा व्हिडिओ आणि उपकेंद्रातला आवाज, दोन्ही त्याच अरुंद वाटेने निघालेले असतात. पाकिटाच्या अंगावर 'रुग्ण' असे लिहिलेले नसते.

ओपीडीचे गणित

रांगेचे शास्त्र जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या गर्दीवर निबंध लिहिला, तिथून ते सुरू झाले. कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत ते रोज अनुभवाला येते.

समजा, डॉक्टरांना एका रुग्णाला सरासरी ५ मिनिटे लागतात. रुग्ण ठरावीक अंतराने येत नाहीत. एसटी आली की दहा जण एकदम येतात, मग अर्धा तास कोणी नाही. तपासायला कोणाला दोन मिनिटे लागतात, कोणाला पंधरा. अशा वेळी गणित सांगते, की डॉक्टरांचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर रुग्णाला आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी १० मिनिटे लागतात. ८० टक्के वेळ भरलेला असेल तर २५ मिनिटे. ९० टक्क्यांना ५० मिनिटे. आणि ९५ टक्क्यांना १०० मिनिटे! रुग्ण ९० वरून ९५ टक्क्यांवर, म्हणजे किंचितच वाढले. थांबणे दुप्पट झाले.

नेटवर्कचेही असेच. टॉवर किंवा केबल 'पूर्ण भरण्याआधीच' सेवा ढासळू लागते. म्हणून सकाळी उत्तम चालणारा व्हिडिओ कॉल दुपारी अचानक अडखळतो आणि तक्रार करायला गेले तर 'स्पीड टेस्ट' व्यवस्थित येते. वेग आणि सेवेचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वेटिंग हॉल मोठा केला तर? बाकडी वाढतील, पण डॉक्टर एकच. रांग लांबेल आणि शेवटच्या माणसाचा नंबर संध्याकाळी लागेल. नेटवर्कच्या जगात नेमकी हीच चूक झाली होती. मेमरी स्वस्त झाली म्हणून उत्पादकांनी राउटरमधली रांगेची जागा वाढवत नेली, म्हणजे पाकीट हरवणार नाही. पाकिटे हरवली नाहीत, पण रांगेत इतकी रखडली की बोलणे अशक्य झाले. अमेरिकन अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्यावर बोट ठेवले. इंग्रजीत त्याला 'बफरब्लोट' म्हणतात. मराठीत रांगेची सूज म्हणता येईल. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय सुचवला. रांग किती लांब आहे ते पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते पाहा. सतत जास्त थांबावे लागत असेल तर काही पाकिटे लवकर टाकून द्या, म्हणजे पाठवणारा सावध होईल.

पाकीट टाकले की पाठवणारा सावध कसा होतो, यामागेही एक गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला दुवा कोलमडला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट नेणारी वाट ४० बिटवर आली. दुवा तुटला नव्हता. पोच मिळाली नाही म्हणून प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होता. नंबर येत नाही म्हणून प्रत्येक रुग्णाने दुसरा केसपेपर काढावा, तसे. जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही इंटरनेट चालवतो. पाकीट हरवले तर गर्दी आहे असे समज, वेग एकदम कमी कर आणि मग हळूहळू वाढव. आज जगभरातले संगणक, कोणीही पोलीस उभा नसताना, हा संयम पाळतात.

मात्र हा संयम फाइलला परवडतो, संभाषणाला नाही.

प्रत्येकाची गरज वेगळी

ईसीजीचा फोटो वीस सेकंद उशिरा पोहोचला तरी बहुतेक वेळा बिघडत नाही. पण त्यातला एकही भाग गहाळ होता कामा नये. आवाजाचे उलटे आहे. शंभरातले एखादे पाकीट हरवले तरी कान सांभाळून घेतो. पण उशीर चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर संभाषण सहज वाटते. ४०० च्या वर गेला तर दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. व्हिडिओला आवाजासारखी तत्परता हवी आणि वर भरपूर जागाही हवी. छातीच्या एक्स-रेची फाइल मोठी, पण तिला घाई नसते. रोजचे अहवाल, सॉफ्टवेअरचे अपडेट, सीसीटीव्हीची साठवण यांना तर रात्रीपर्यंत थांबता येते.

म्हणून अभियंते तीन गोष्टी मोजतात. पहिली, पाकीट पोहोचायला लागणारा वेळ. दुसरी, त्या वेळेतला चढउतार. तिसरी, हरवलेल्या पाकिटांचे प्रमाण. यातली दुसरी गोष्ट दुर्लक्षित राहते. एक पाकीट ४० मिलिसेकंदांत आणि पुढचे ३०० मिलिसेकंदांत आले, तर सरासरी चांगली दिसूनही आवाज तुटतो. नाडीचे ठोके मिनिटाला ७२ आहेत एवढ्यावर डॉक्टर थांबत नाहीत. ते नियमित आहेत का तेही पाहतात.

या सगळ्याचा विचार करून कोणती पाकिटे आधी सोडायची, कोणती थांबवायची आणि कोणाला किती जागा द्यायची हे ठरवणे म्हणजे 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस'चे व्यवस्थापन. वैद्यकाला ही कल्पना नवी नाही. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे यांनी जखमींना हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेच्या गांभीर्याप्रमाणे उपचार देण्याचा आग्रह धरला. आज प्रत्येक अपघात विभागात तेच होते. छातीत दुखणारा माणूस शेवटी आला तरी आधी आत जातो आणि सर्दीवाला त्याबद्दल सहसा भांडत नाही.

एक्स्प्रेस आधी, पण लोकलही सुटली पाहिजे

कर्जतकरांना हे रेल्वेच्या उदाहरणाने अधिक पटेल. मागून मेल किंवा एक्स्प्रेस येत असेल तर लोकल बाजूला घेऊन उभी करतात, हे रोजच्या प्रवाशाला ठाऊक आहे. बोरघाट चढायला कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात, त्यात वेळ जातो, रूळ मोजकेच. मग कोणाला आधी सोडायचे हे कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसाला ठरवावे लागते. पळसदरीवरून खोपोलीला जाणारा मार्ग एकेरी, तिथे तर एक गाडी आल्याशिवाय दुसरी जात नाही. रूळ भरपूर असते तर ठरवण्याची गरजच नव्हती. जिथे वाट अरुंद, तिथे नियोजनाची गरज अधिक. मुंबईतल्या फायबरपेक्षा वाडीतल्या एकट्या टॉवरला ते जास्त लागू पडते.

इंटरनेटच्या पाकिटावर अग्रक्रमाची खूण करण्याची सोय १९८१ पासून आहे. पाकिटाच्या मथळ्यात त्यासाठी एक बाइट राखून ठेवलेला होता. १९९८ मध्ये त्यातल्या सहा बिटांचा नवा अर्थ ठरला आणि ६४ प्रकारच्या खुणा शक्य झाल्या. आवाजासाठी तातडीचा वर्ग, व्हिडिओसाठी वेगळा, साध्या फाइलींसाठी नेहमीचा. राउटर खूण पाहून पाकीट वेगवेगळ्या रांगेत उभे करतो.

पण अग्रक्रमाच्या रांगेला मर्यादा नसेल तर दुसरा अनर्थ होतो. सगळ्या एक्स्प्रेसच सोडत राहिले तर लोकल दिवसभर जागची हलणार नाही. म्हणून तातडीच्या वर्गाला ठरावीकच जागा देतात आणि उरलेल्या रांगांना वजनाप्रमाणे वाटा देतात. शिवाय एखाद्याने एकदम धबाधबा पाकिटे ओतली, तर ती थेंबाथेंबाने सोडण्याचीही युक्ती आहे. शिवपिंडीवरचे अभिषेकपात्र आठवा. वरून घागर रिकामी केली तरी खाली संततधार एकसारखीच पडते आणि पात्र भरून वाहू लागले तर वरचे पाणी बाहेर सांडते. अभियंते या युक्तीला खरोखरच 'गळकी बादली' म्हणतात.

साधा फोन का लागतो?

व्हिडिओ कॉल तुटतो, व्हॉट्सॲपवरचा आवाज अडखळतो, पण त्याच जागेवरून त्याच फोनने साधा कॉल केला तर आवाज स्पष्ट येतो, हा अनुभव अनेकांना आला असेल. त्यामागे हीच व्यवस्था आहे. ४जी नेटवर्कवरचा साधा कॉलसुद्धा आता पाकिटांतूनच जातो. मात्र त्याच्यासाठी स्वतंत्र वर्ग राखून ठेवलेला आहे. त्या वर्गाला ठरावीक जागेची हमी असते आणि मोबाइल नेटवर्कच्या आत १०० मिलिसेकंदांच्या मर्यादेत पाकीट पुढे सरकावे अशी आखणी असते. व्हॉट्सॲप, यूट्यूब, रील आणि ई-संजीवनी मात्र सर्वसाधारण वर्गात एकत्र असतात. म्हणजे टॉवरच्या लेखी त्या गरोदर बाईचा सल्ला आणि धबधब्याचे रील सारखेच.

यातून एक सोपा धडा मिळतो. व्हिडिओ अडखळू लागला की तो सुरू ठेवण्याचा हट्ट न करता साधा फोन लावावा. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओ, आवाज आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांना मान्यता दिली आहे. चित्र आवश्यक असेल तर फोटो काढून पाठवावा. तो थोडा उशिरा पण पूर्ण पोहोचतो. आकडे बोलावेत आणि लिहूनही पाठवावेत. संदेशाची पाकिटे इतकी हलकी असतात, की गर्दीतूनही वाट काढतात.

अग्रक्रम द्यायचा कोणी?

मग सरकारने किंवा कंपन्यांनी वैद्यकीय सेवेला सरसकट अग्रक्रम का देऊ नये, असा प्रश्न सहज मनात येतो. इथे सावध राहायला हवे. अग्रक्रम देण्याचा अधिकार कंपन्यांच्या हाती मोकळा दिला, तर तो गरजेपेक्षा पैशाकडे झुकण्याची भीती असते. भारतात यावर मोठी चर्चा झाली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्याला मनाई केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंटरनेटवरील मजकुरात भेदभाव करू नये अशा शिफारशी आल्या आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या स्वीकारल्या. मात्र त्याच शिफारशींत वाजवी वाहतूक नियोजन आणि आणीबाणीची परिस्थिती यांना जागा ठेवली आहे. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवाही या बंधनातून वगळता येतात. नियम अपघात विभागासारखाच आहे. ओळखीने किंवा पैशाने रांग मोडता येणार नाही, गांभीर्याने मोडता येईल.

ट्रायचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कुठे कोणत्या तंत्रज्ञानाची सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर द्यायचे आहेत. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर ग्राहकाला भाड्यात सवलत द्यायची आहे. ग्रामसभेत 'नेट चालत नाही' एवढेच म्हणण्याऐवजी कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ चालले नाही याची नोंद ठेवली तर तक्रारीला वजन येते.

आपत्तीच्या रात्री

अग्रक्रमाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो आपत्तीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकांना चिखलातून डोंगर चढून पायी जावे लागले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. अशा रात्री नातेवाईक, पत्रकार, अधिकारी, स्वयंसेवक सगळेच एकाच वेळी त्याच भागात फोन लावतात. ज्या टॉवरवर एरवी चार वाड्या असतात, त्यावर क्षणात सगळा जिल्हा येऊन पडू शकतो.

आपत्तीत नेटवर्क दोन प्रकारे जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाणी शिरले, वीज गेली आणि यंत्रणाच बंद पडली. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या संध्याकाळी यंत्रणा उभी होती, पण प्रत्येकजण घरच्यांची खुशाली विचारत होता आणि फोन लागत नव्हते. पहिल्यावर उपाय म्हणजे बॅटरी, जनरेटर आणि पर्यायी वाट. दुसऱ्यावर उपाय म्हणजे रांगेची शिस्त.

ही शिस्त आपल्या खिशातच आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक सिमकार्डात एक वर्ग नोंदलेला असतो. सर्वसामान्यांना ० ते ९ पैकी एक. सुरक्षा सेवांसाठी १२, पाणी-विजेसारख्या लोकोपयोगी सेवांसाठी १३, आपत्कालीन सेवांसाठी १४. गर्दी हाताबाहेर गेली तर टॉवर सामान्य वर्गांतल्या काही फोनना थोडा वेळ थांबायला सांगू शकतो आणि विशेष वर्गांना वाट देऊ शकतो. बचावकार्यात असलेल्यांच्या कॉलना अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस ट्रायने २०१३ मध्येच केली आहे. धोक्याच्या सूचनेसाठी 'सेल ब्रॉडकास्ट'ही आहे. २०२३ मध्ये अनेकांचे फोन मोठ्याने वाजून चाचणीचा संदेश आला, तो याच मार्गाने. तो एकेका नंबरवर जात नाही, आकाशवाणीसारखा सगळ्यांना एकदम जातो. म्हणून गर्दीचा त्यावर परिणाम होत नाही.

नागरिकांनी काय करावे? आपत्तीत आणीबाणीसाठी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ सोडून कॉल टाळावेत. खुशाली एसएमएसने कळवावी. व्हिडिओ पाठवण्याचा मोह आवरावा. लागला नाही म्हणून दहा वेळा पुन्हा फोन लावणे म्हणजे १९८६ ची चूक माणसाने करणे.

केंद्रात करता येण्यासारखे

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. फायबर आरोग्य केंद्राच्या दारात आला, की टॉवरच्या गर्दीतून सुटका होते. पण एक लाइन आली म्हणून प्रश्न संपत नाही. त्याच लाइनवर सीसीटीव्ही, नोंदींची संगणक प्रणाली, कर्मचाऱ्यांचे फोन आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे वायफाय असेल, तर गर्दी आता टॉवरवर नसून केंद्राच्या राउटरवर होते.

तिथे मात्र उपाय आपल्या हातात असतो. बऱ्याच साध्या राउटरमध्येही सल्ल्यासाठी वापरायच्या टॅबला अग्रक्रम देण्याची सोय असते. पाहुण्यांचे वायफाय वेगळे करता येते आणि त्याला मर्यादा घालता येते. अपडेट व सीसीटीव्हीची साठवण रात्रीवर ढकलता येते. दिवसभराचे अहवाल टेलि-ओपीडीच्या वेळेत न पाठवता नंतर पाठवता येतात. याला एक रुपयाही लागत नाही. तालुक्याच्या संगणक तंत्रज्ञाचा अर्धा दिवस लागतो. अट एवढीच, की अडचण केंद्राच्या लाइनवर असली पाहिजे. टॉवरच्या गर्दीत केंद्राने लावलेली खूण सहसा कोणी पाहत नाही. म्हणून आधी रांग कुठे लागते हे शोधावे, मग उपचार करावा. निदानाआधी औषध नको.

आणि यंत्राने कितीही शिस्त पाळली तरी काही पाकिटे हरवणारच, हे गृहीत धरून माणसांनी आपली पद्धत ठरवावी. विमानवाहतुकीत सूचना ऐकणारा ती पुन्हा म्हणून दाखवतो. वैद्यकीय सल्ल्यातही तसेच हवे. रक्तदाब, साखर, औषधाची मात्रा, वजन हे आकडे सुटे उच्चारावेत आणि पलीकडच्याने परत म्हणावेत. मराठीत याची गरज अधिक, कारण आपल्याकडे साठ आणि सात, सत्तर आणि सतरा हे एकमेकांच्या फार जवळ बसलेले आहेत.

त्या उपकेंद्रात पलीकडचे डॉक्टर म्हणतात, 'मॅडम, आकडा एकेक करून सांगा.' ती व्हिडिओ बंद करून साधा फोन लावते. 'एक, सहा, शून्य. खाली एक, एक, शून्य.' डॉक्टर तेच परत म्हणतात. मग डोळ्यांपुढे अंधारी येते का, पोटात वरच्या बाजूला दुखते का, हे विचारून घेतात. औषध ठरते, झटके टाळण्याच्या इंजेक्शनचा निर्णय होतो, १०८ ला फोन जातो आणि उपजिल्हा रुग्णालयात खाट तयार ठेवायला सांगितले जाते. बाई विचारते, 'लावणी झाल्यावर गेले तर नाही का चालणार?' आशाताई तिची पिशवी उचलतात आणि म्हणतात, 'लावणी थांबेल गं. हे थांबणार नाही.'